तास विकून चाललेला धंदा यापुढे काय विकणार?

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

नमस्कार. मी १९ वर्षे पुण्यात सॉफ्टवेअर सेवा क्षेत्रात आहे आणि त्यांतली शेवटची सात वर्षे डिलिव्हरी मॅनेजर म्हणून काढली आहेत. गेल्या महिन्यात आमच्या एका जुन्या ग्राहकाच्या कराराचे नूतनीकरण होते. समोरच्या बाईंनी आमचे रेट कार्ड उघडलेसुद्धा नाही. त्यांनी एवढेच विचारले, की तुमची मंडळी एआयची साधने वापरतात आणि त्यामुळे काम लवकर उरकते, असे तुम्हीच मागच्या तिमाहीत स्लाइडवर दाखवले होते. तर वाचलेल्या वेळेतला आमचा वाटा कुठे आहे? प्रश्न रास्त होता आणि आमच्यापाशी उत्तर नव्हते. बैठक संपेपर्यंत ४२ माणसांचे काम ३१ माणसांवर आले होते, आणि उरलेल्या अकरा जणांची नावे मी त्याच संध्याकाळी बेंचच्या, म्हणजे पगार चालू पण हाती काम नाही अशांच्या, यादीत टाकली.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आपण सॉफ्टवेअर विकतो असे चारचौघांत सांगतो; आपल्या बिलावर मात्र माणसे आणि तास एवढेच लिहिलेले असते. नॅसकॉम या आपल्या उद्योगाच्या संघटनेच्या हिशेबाने २०२४-२५ मध्ये या उद्योगाची उलाढाल सुमारे २८३ अब्ज डॉलर होती आणि त्यात ५८ लाख लोक काम करत होते. एवढा डोलारा ज्या मापावर उभा आहे ते मापच आता आखूड होत चालले आहे. त्यात अमेरिकेचे व्हिसाचे धोरण आहे, आणि ग्राहकांनी भारतात स्वतःची केंद्रे काढून आपली माणसे तिकडे ओढणे आहे. अशा वेळी या उद्योगाने नेमके काय बदलायचे?

‘कौशल्ये वाढवा’ हा सल्ला कृपया देऊ नये. तो आमच्या लिफ्टमध्येही चिकटवलेला आहे. तुमच्या कंपनीत किंवा धंद्यात प्रत्यक्ष काय बदलले आणि त्यातले काय टिकले, ते वाचायला आवडेल.

अवांतर

आमच्या लिफ्टमधल्या पोस्टरवरचे चित्रही एआयनेच काढलेले आहे. त्यातल्या कौशल्य वाढलेल्या माणसाला सहा बोटे आहेत.

सीप्झचा जुना

मी १९८२ साली नोकरीला लागलो आणि निवृत्त होऊन आता नऊ वर्षे झाली, त्यामुळे माझे म्हणणे जुन्या माणसाचे म्हणून वाचावे. आयबीएमने १९७८ मध्ये देश सोडला होता, आणि जी मिळतील ती यंत्रे शिकणे एवढेच आमच्या हाती होते. त्या काळात निर्यात म्हणजे माणूस विमानात बसवून पाठवणे, आणि त्याला तोंडावर ‘बॉडी शॉपिंग’ म्हणत असत. पुढे १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळुरूत केंद्र काढून उपग्रहामार्फत काम पाठवता येते हे दाखवले. १९९१ मध्ये एसटीपीआय ही सॉफ्टवेअर निर्यातीला सोयी पुरवणारी सरकारी संस्था आली आणि तिच्या पहिल्या तीन केंद्रांत पुणे होते. माणसाऐवजी काम पाठवण्याची सोय खऱ्या अर्थाने तेव्हा झाली. मग वायटूकेची, म्हणजे २००० साल उजाडताना संगणकातल्या तारखा चुकू नयेत म्हणून कोड दुरुस्त करण्याची, लाट आली. १ जानेवारी २००० ला जगबुडी आली नाही, तेव्हा ‘आता यांचे काम संपले’ असे सगळे म्हणाले. २००१ मध्ये डॉटकॉम बुडाले तेव्हा तेच म्हणाले आणि २००८ मध्येही तेच. या धंद्याची तिरडी मी तीन वेळा बांधलेली पाहिली आहे आणि तिन्ही वेळा मढे उठून कामावर गेले आहे. तुमचा धागा चौथ्या तिरडीचा आहे असे मला वाटते.

पाटीपेन्सिल

काका, तुमचा अनुभव मान्य आहे. पण त्यातली एक बाब मी वेगळी वाचतो. या तिन्ही वेळा काम बदलले, जागा बदलली, तंत्र बदलले; मोजमाप मात्र बदलले नाही. १९८२ मध्ये माणसाचे महिने विकले जात होते आणि आज माणसाचे तास विकले जातात. मागची संकटे आली तेव्हा ग्राहकाला स्वस्त तास हवे होते आणि ते आपल्याकडे होते. या वेळी त्याला तासच कमी हवे आहेत.

हिशेबनीस

पाटीपेन्सिल यांच्या मुद्द्याला आकड्यांची जोड देतो. मी एका मध्यम आकाराच्या कंपनीच्या वित्त विभागात आहे. २००८ च्या सुरुवातीला डॉलर ४० रुपयांच्या आत होता आणि आज तो ८८ च्या पुढे आहे. आमचा ऑफशोअर (भारतात बसून केलेल्या कामाचा) तासाचा दर या सबंध काळात डॉलरमध्ये जवळपास हललेला नाही, पण रुपयात तो आपोआप दुपटीवर गेला. वरच्या लोकांनी ‘आपण मार्जिन टिकवून आहोत’ म्हणून एकमेकांची पाठ थोपटली, आणि त्या मार्जिनमध्ये आपल्या कर्तृत्वाचा भाग किती आणि रुपयाच्या घसरणीचा किती, हे मी एकदा बैठकीत विचारले तेव्हा चहा आला. त्याआधी आयकर कायद्याच्या कलम १० अ खाली निर्यातीच्या नफ्यावर करमाफीही होती. ती मार्च २०११ मध्ये संपली. म्हणजे कूस बदलायची निकड भासू नये अशी उशी डोक्याखाली कायम होती.

बदलायला पैसा नाही असेही म्हणता येणार नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये इन्फोसिसने १८,००० कोटी रुपयांचे शेअर परत विकत घेण्याची घोषणा केली. भागधारक म्हणून मला आनंद झाला. या उद्योगात काम करणारा माणूस म्हणून मात्र असे वाटले, की पैशाला याहून चांगला उपयोग आपल्याला सुचला नाही, हे आपणच जाहीर केले.

एडिसनकर

न्यू जर्सीहून लिहितो आहे. इथल्या परिस्थितीबद्दल तिकडे बऱ्याच अर्धवट बातम्या फिरतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

१९ सप्टेंबर २०२५ च्या त्या शुक्रवारी एच-१बी या कामाच्या व्हिसाच्या अर्जावर एक लाख डॉलर शुल्क लावण्याचा आदेश निघाला, तेव्हा माझे दोन सहकारी दिवाळीची खरेदी अर्धवट टाकून पुण्याहून मिळेल त्या विमानाने परत निघाले. दुसऱ्या दिवशी खुलासा आला, की शुल्क फक्त नव्या अर्जांना आहे. त्यांचे तिकिटाचे पैसे गेले ते गेलेच. पण या गोंधळामागचा मोठा परिणाम असा, की नवा माणूस ऑनसाइट पाठवून त्याच्यामार्फत ग्राहकाच्या घरात शिरायचे, ही आपली जुनी वाट आता फारच महाग झाली आहे.

दुसरी गोष्ट कराची आहे आणि तिच्याविषयी मराठीत मी कुठेच वाचले नाही. अमेरिकी कंपन्यांना सॉफ्टवेअर विकासाचा खर्च पूर्वी त्याच वर्षी वजा करता येत असे. २०२२ पासून तो देशातला असेल तर पाच वर्षांत आणि परदेशातला असेल तर पंधरा वर्षांत विभागून दाखवावा लागू लागला. जुलै २०२५ च्या कायद्याने देशातल्या खर्चाची सवलत परत दिली आणि परदेशातल्या खर्चाची पंधरा वर्षे तशीच ठेवली. चालू प्रणालीची साधी देखभाल यात सहसा मोडत नाही; नवीन काही बांधायचे म्हटले, की हा फरक ग्राहकाच्या हिशेबात उतरतो. परदेशी सेवांच्या देयकांवर २५ टक्के कर लावण्याचे एक विधेयकही सिनेटमध्ये मांडले गेले आहे. ते संमत होईल की नाही हा वेगळा विषय, पण आमच्या ग्राहकाच्या वकिलांनी नव्या करारात ‘असा कर आल्यास तो कोण भरणार’ हे कलम घालून ठेवले आहे.

संपादक मंडळ

व्हिसाच्या अनुषंगाने दोन्ही देशांच्या राजकारणावर आलेले सहा प्रतिसाद काढून टाकले आहेत. कृपया विषयाला धरून लिहावे.

खराडी बायपास

काम भारतातून जात आहे हे गृहीतच मला पटत नाही. काम इथेच आहे. फक्त मधला माणूस वगळला जात आहे. मी अकरा वर्षे सेवा कंपनीत होतो आणि २०२२ पासून एका परदेशी बँकेच्या इथल्या केंद्रात आहे, ज्याला आता सगळे जीसीसी म्हणतात. २०२३-२४ मध्ये देशात अशी १,७०० हून अधिक केंद्रे होती आणि त्यांत १९ लाख लोक होते. पूर्वी मी ज्या प्रणालीवर व्हेंडरचा माणूस म्हणून काम करत होतो, त्याच प्रणालीवर आज बँकेचा माणूस म्हणून करतो. फरक असा पडला, की पूर्वी मला तिकीट (बिघाडाची किंवा कामाची नोंद) यायचे आणि ते बंद केले की माझे काम संपायचे; आता ते तिकीट मुळात येते का, हे मला विचारले जाते. टाइमशीट नाही.

तेव्हा तासाऐवजी काय विकायचे या प्रश्नाचे एक उत्तर असे, की विकूच नका. ग्राहकाच्या पगारपत्रकावर जा.

हिशेबनीस

खराडी बायपास, व्यक्ती म्हणून तुमचा निर्णय योग्यच आहे, पण उद्योगाचा प्रश्न त्याने सुटत नाही. तुमचे केंद्र मूळ कंपनीच्या लेखी खर्चाचे खाते आहे. सेवा कंपनीचे दहा ग्राहक असतात. एक गेला तर नऊ उरतात. तुमचा ग्राहक एकच आहे आणि तोच तुमचा मालकही आहे. त्याने उद्या दुसरा देश निवडला, तर तुमच्याकडे विक्री विभागही नाही.

खराडी बायपास

हे खरे आहे आणि त्याची भीती आम्हालाही आहे. मात्र सेवा कंपनीत असताना ती मला जास्त होती.

रातराणी

बरेच दिवस वाचनमात्र होते, पण पाटीपेन्सिल यांच्या बैठकीचा प्रसंग वाचून लिहावेसे वाटले.

मी १७ वर्षे एका अमेरिकी विमा कंपनीच्या, कोबोल या जुन्या संगणकीय भाषेत लिहिलेल्या प्रणालीची देखभाल करते. कंपनी दोनदा बदलली, पण ग्राहक तोच राहिला. यंदा ती सगळी प्रणाली जावा या नव्या भाषेत नेण्याचे ठरले आणि त्यासाठी एआयचे साधन आणले गेले. साधन उत्तम आहे, हे आधीच सांगते. तीस वर्षांत ज्याला कोणी हात लावला नव्हता असा कोड ते वाचते आणि प्रत्येक पॅराग्राफ (कोबोलमध्ये कोडच्या तुकड्याला असे म्हणतात) काय करतो ते स्वच्छ इंग्रजीत लिहून देते. आम्हा सहा जणांना जे करायला वर्ष लागले असते ते त्याने पाच आठवड्यांत केले.

त्याने दिलेल्या अहवालात ‘वापरात नसलेला कोड’ अशी एक यादी होती. मागच्या सहा महिन्यांच्या नोंदींत जे पॅराग्राफ एकदाही चालले नव्हते, ते त्याने वगळायला सुचवले होते. यादीवर सही करायची म्हणून मी ती सहज वर-खाली केली आणि एका नावाशी थांबले. तो पॅराग्राफ वर्षातून एकदाच, ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या बॅचमध्ये (एकगठ्ठा चालणाऱ्या कामांत) चालतो आणि लोकांनी आगाऊ भरलेले हप्ते नव्या वर्षाच्या खात्यावर नेतो. मला तो ठाऊक होता, कारण २०११ च्या ३१ डिसेंबरला तो अडकला होता आणि हडपसरच्या घरी, तापाने फणफणलेली मुलगी मांडीवर घेऊन, डेटा कार्डाच्या जोडणीवर मी तो पहाटे साडेचारपर्यंत दुरुस्त करत होते. कागदपत्रांत त्याचा उल्लेख नाही. ग्राहकाकडचा ज्या माणसाला तो माहीत होता, तो केव्हाच निवृत्त झाला.

मी तो यादीतून काढायला लावला. तो गेला असता, तर जानेवारीत हजारो लोकांना ‘तुमचा हप्ता भरलेला नाही’ अशी पत्रे गेली असती. त्या आठवड्याच्या टाइमशीटवर या कामाचे दोन तास लागले. आमच्या दराने त्याची किंमत साठ डॉलरांच्या आत येते.

सीप्झचा जुना

रातराणी, चौथ्या तिरडीचे माझे विधान मी मागे घेत नाही, पण ते दोन तास वाचून बराच वेळ गप्प बसलो.

अवांतर

म्हणजे एआयने ताईंची नोकरी घेतली नाही. ताईंनीच एआयला केटी (नॉलेज ट्रान्सफर) दिली आणि तीही बिल न लावता.

शिरोलीकर

आमचा धंदा तुमच्या मानाने अगदीच लहान आहे, पण धागाकर्त्यांनी ‘प्रत्यक्ष काय बदलले’ असे विचारले आहे म्हणून सांगतो. कोल्हापूरला आमची २३ माणसांची कंपनी आहे. २०१३ पासून आम्ही ऑस्ट्रेलियातल्या एका एजन्सीसाठी संकेतस्थळे बांधत होतो. तासाचा दर ठरलेला होता, काम येत होते आणि मुले खूश होती. २०२३ च्या मे महिन्यात एजन्सीने दर निम्मा केला, आणि तीन महिन्यांनी पत्र आले, की साधी संकेतस्थळे आता ते स्वतःच यंत्राकडून करून घेणार आहेत.

त्याच सुमारास शिरोली एमआयडीसीतला एक ओळखीचा कारखानदार वैतागून आला. तो युरोपात नटबोल्ट पाठवतो. लोखंड, पोलाद वगैरे मालावर युरोपने कार्बनची सीमा-आकारणी आणली आहे. ऑक्टोबर २०२३ पासून तिचे अहवाल सुरू झाले आणि जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष पैशांचा टप्पा आहे. त्याचा तिकडचा खरेदीदार दर तिमाहीला विचारत होता, की या मालामागे किती कार्बन हवेत गेला? वीज किती, भट्टीचे इंधन किती, कच्चा माल कुठला? याच्याकडे सगळे आकडे होते, पण निम्मे सुपरवायझरच्या वहीत आणि निम्मे वीजबिलात.

आम्ही त्याला ते अहवाल तयार करणारी प्रणाली बांधून दिली, आणि बिल तासांवर न लावता दर तिमाहीच्या अहवालामागे ठोक रक्कम ठरवली. अहवाल खरेदीदाराने परत पाठवला तर पैसे मिळणार नाहीत, असे कलम त्यानेच घातले. दुसऱ्याच तिमाहीत ते आमच्या अंगाशी आले. आमच्या मुलाने मीटरवरचा आकडा जसाच्या तसा घेतला होता. उच्चदाब जोडणीच्या मीटरला गुणक असतो आणि त्याने गुणल्याशिवाय खरी युनिटे निघत नाहीत, हे त्याला माहीत नव्हते आणि मलाही नव्हते. अहवाल परत आला आणि तीन महिन्यांचे पैसे बुडाले. त्यानंतर आमच्या प्रत्येक मुलाला मी एक-एक आठवडा कारखान्यात उभे केले आहे. आज असे चौदा कारखाने आमच्याकडे आहेत. उत्पन्न अजून ऑस्ट्रेलियाच्या चांगल्या दिवसांएवढे नाही, पण ‘तुमचा तासाचा दर किती’ हा प्रश्न दोन वर्षांत कोणी विचारलेला नाही.

पाटीपेन्सिल

शिरोलीकर, मी ज्याची वाट पाहत होतो तो हा प्रतिसाद आहे. एक शंका आहे. एआय वापरून तुमचा अहवाल चार दिवसांऐवजी चार तासांत झाला, तर फायदा कोणाचा?

शिरोलीकर

आमचा. आणि चुकला तर तोटाही आमचाच. दोन्ही एकाच कलमात आहेत.

चाकण फाटा

एकाच क्षेत्राला धरून बसण्याचे मोठ्या प्रमाणावरचे उदाहरण पुण्यातच आहे. १९९० मध्ये इथे सुरू झालेल्या केपीआयटीने २०१९ मध्ये आपला सर्वसाधारण आयटी सेवांचा भाग बिर्लासॉफ्टकडे सोपवला आणि स्वतःकडे फक्त वाहनांचे सॉफ्टवेअर ठेवले. सगळ्या प्रकारची कामे घेण्याची सवय लागलेल्या उद्योगात हातचे काम सोडून देणे ही साधी गोष्ट नव्हती. मात्र यात धोकाही आहेच. युरोपातल्या मोटार कंपन्यांनी हात आखडला की त्याची झळ थेट बसते. मी वाहन उद्योगात आहे आणि आम्हाला असे लोक हवे असतात, ज्यांना ब्रेक म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही.

ओहायो

अमेरिका हा एकच बाजार धरून चालल्यामुळे आपण एवढे हादरतो, हा मुद्दा अजून कोणी मांडला नाही. आपल्या निर्यातीतला निम्म्याहून मोठा वाटा एकट्या अमेरिकेचा आहे. मी पुण्यातूनच जपानी ग्राहकांसाठी काम करते. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये हौस म्हणून जपानी शिकायला सुरुवात केली होती, आणि आज माझा पगार माझ्या बरोबरीच्या जावावाल्यांपेक्षा अधिक आहे तो त्या हौसेमुळे. जपानी ग्राहक पहिले काम द्यायला दोन वर्षे लावतो आणि तोवर तुमच्या कागदपत्रांतल्या स्वल्पविरामांवर प्रश्न विचारतो. पण एकदा दिलेले काम दोन डॉलरांसाठी काढून घेत नाही. पुण्यात जपानी आणि जर्मन शिकणाऱ्यांची एवढी जुनी परंपरा असताना आमच्या मनुष्यबळ विभागाच्या अर्जात परभाषेचा रकाना ‘छंद’ या शीर्षकाखाली आहे.

एडिसनकर

ओहायो, तुमचे नाव वाचून मी इतके दिवस तुम्हाला इथल्या ओहायो राज्याचा समजत होतो, आणि तुम्ही थंडीविषयी कधीच का लिहीत नाही याचे आश्चर्य करत होतो.

ओहायो

जपानीत त्याचा अर्थ ‘सुप्रभात’ असा आहे. आणि मी ‘राज्याची’ या गटातली आहे, ‘राज्याचा’ च्या नव्हे.

मास्तर

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो आणि प्लेसमेंटच्या समितीवर आहे. वरची चर्चा अनुभवी माणसांची आहे, म्हणून तळाकडची बाजू मांडतो. सेवा कंपन्यांची रचना मनोऱ्यासारखी असते. खाली भरपूर नवी मुले स्वस्तात घ्यायची, ती ग्राहकाच्या कामावर शिकतात, त्यातली काही वर चढतात आणि तळाच्या स्वस्त तासांवर वरच्यांचा पगार निघतो. २००८ मध्ये आमची मुले वर्षाला तीन-सव्वातीन लाखांवर लागत होती. आजही मोठ्या भरतीचा आकडा साडेतीनच्या आसपास घुटमळतो. आता तळाचे काम, म्हणजे चाचण्या लिहिणे, छोट्या दुरुस्त्या, अहवाल काढणे, हेच यंत्राला सगळ्यात छान जमते. म्हणून भरती कमी झाली. ठीक आहे. पण रातराणी यांच्यासारखी व्यक्ती २०११ च्या त्या रात्रीतून तयार झाली आहे. तळ काढून टाकला तर २०४० मध्ये ‘हा पॅराग्राफ राहू द्या’ असे सांगणारी व्यक्ती कुठून येणार?

माझे वडील पिंपरीला टेल्कोत ॲप्रेंटिस होते. तिथे पहिले काही महिने लोखंडाचा ठोकळा व्हाइसमध्ये धरून कानस मारायला लावत. ठोकळा कोणालाच नको असायचा. यंत्रावर तो मिनिटांत झाला असता, हे शिकवणाऱ्यालाही माहीत होते. पण पृष्ठभाग सपाट झाला की नाही हे बोटाला कळू लागेपर्यंत मुलाला यंत्रापाशी उभे करत नसत. त्या महिन्यांचे पैसे कंपनी भरत असे, ग्राहक नव्हे. आपल्या उद्योगाने शिकण्याचा खर्च ग्राहकाच्या बिलात लपवला. आता ग्राहक बिल उलगडून पाहू लागला आहे.

नवा कोरा

मी २०२४ चा पदवीधर आहे. ऑफर लेटर मिळून आठ महिने झाले तेव्हा रुजू करून घेतले, आणि मग तीन महिने बेंचवर बसवले. सध्या माझे काम म्हणजे एआयने लिहिलेला कोड तपासून ‘ठीक आहे’ असे लिहिणे. तो ठीक आहे की नाही, हे मला खरोखर कळत नाही. तेरा-चौदा जणांच्या टीममध्ये हे मोठ्याने बोलायची सोय नाही, म्हणून इथे लिहितो.

गिरणगावकर

माझे वडील लोअर परळच्या कापड गिरणीत साचेवाले (साचा म्हणजे माग) होते. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते आणि त्यातले बहुतेक परत साच्यावर गेलेच नाहीत. त्यामुळे ‘मढे उठून कामावर गेले’ हे वाचताना मला जरा अडखळायला झाले. धंदा उठतो, पण उठलेल्या धंद्यात तीच माणसे असतात असे नाही. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२,००० लोक, म्हणजे मनुष्यबळाच्या दोन टक्के, कमी करण्याचे जाहीर केले, आणि त्यात भर मधल्या व वरच्या फळीवर होता. गिरणी कामगाराला आपण कामगार आहोत हे तरी ठाऊक होते. आपल्या इमारतीतल्या मंडळींना ते राजीनामा मागणाऱ्या मेलनंतर कळते.

एक फरक मात्र आहे आणि तो आपल्या बाजूचा आहे. साच्यावरचे कसब साच्याबाहेर विकता येत नव्हते. रातराणींना जे ठाऊक आहे ते ग्राहकालाही ठाऊक नाही. ते त्यांच्याकडून फुकट काढून घेतले जात आहे, यावर या धाग्यात बोलायला हवे. (धागा हा शब्द आमच्या घरात जपूनच वापरतात.)

सीप्झचा जुना

गिरणगावकर, तुमचे बरोबर आहे. तो शब्दप्रयोग मी माझ्या कंपनीच्या ताळेबंदाकडे पाहून केला होता. २००१ मध्ये आमच्या विभागातले जे गेले, त्यांतल्या दोघांशी पुढे माझे बोलणेही राहिले नाही.

पाटीपेन्सिल

मध्यंतरी तीन आठवडे गेले, म्हणून मूळ प्रश्नाकडे परत येतो. शिरोलीकर यांचे उदाहरण डोक्यात ठेवून मी त्याच ग्राहकापुढे एक प्रस्ताव ठेवला. त्यांच्या महिनाअखेरच्या आणि वर्षअखेरच्या बॅच आम्ही ठोक रकमेवर घेतो. किती माणसे लावायची, कोणते साधन वापरायचे हे आमचे आम्ही पाहू. बॅच वेळेत आणि अचूक पार पडली नाही तर आमचे पैसे कापा.

आमच्याच वित्त विभागाने पहिल्यांदा हरकत घेतली, कारण प्रणालीत माणसांची संख्या भरल्याशिवाय प्रकल्प उघडताच येत नाही. शेवटी आम्ही तिथे ‘१’ असा आकडा भरला. कायदा विभागाला नुकसानभरपाईची मर्यादा लिहायला बारा दिवस लागले. ग्राहकाच्या बाईंनी मात्र प्रस्ताव वाचून एकच प्रश्न विचारला: ‘ही बॅच कोणाला समजते? त्या व्यक्तीचे नाव करारात लिहून द्याल का?’ मी नाव द्यायला गेलो आणि लक्षात आले, की ते त्या अकरा जणांच्या यादीत होते, जी मी बेंचवर पाठवली होती. त्यांना परत आणले आहे. करार सध्या सहा महिन्यांचा आणि फक्त या एका कामापुरता आहे.

हिशेबनीस

‘१’ भरलात हे इथे लिहिलेत ते ठीक आहे. लेखापरीक्षकांना सांगू नका.

रातराणी

पाटीपेन्सिल यांचा शेवटचा प्रतिसाद मी आमच्या मॅनेजरांना वाचून दाखवला, आणि त्यावर आमच्याकडेही बोलणे सुरू झाले आहे. माझे नाव करारात लिहायला माझी हरकत नाही, असे मी सांगितले. फक्त दोन अटी घातल्या. पहिली म्हणजे नावासोबत त्या जबाबदारीचा भत्ता हवा, आणि तो अप्रेझलच्या टक्केवारीत गुंडाळायचा नाही. दुसरी मास्तरांमुळे सुचली. दोन नवी मुले माझ्याशेजारी बसवायची, त्यांचे तास ग्राहकाच्या बिलात धरायचे नाहीत, आणि यंदाच्या ३१ डिसेंबरला बॅच चालवताना ती माझ्यासोबत असली पाहिजेत. पहिल्या अटीवर ‘पाहू’ असे उत्तर आले. दुसरी मान्य झाली आहे, पण एकच मुलगी मिळाली. दुसऱ्या मुलाला त्या रात्री गोव्याला जायचे आहे.

नवा कोरा

रातराणीताई, कंपनी वेगळी असल्यामुळे हे शक्य नाही हे मला कळते, पण ३१ डिसेंबरला मी मोकळा आहे.